मागून म्हणणारी

"गाडी आली का गो?"

कुमुदच्या हातातला चहाचा पेला तसाच हवेत राहिला... दारात चंद्रावती उभी होती. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून, केस तेलानं चापून बसवून, खांद्याला तांदळाच्या पिठाची पिशवी लटकवून! धवलारीण मांडवात चौक भरायला घरून निघते तशी जय्यत तयार. कोवळं ऊन तिच्या पाठीमागून येत होतं, चेहरा सावलीत होता, म्हणून क्षणभर कुमुदला वाटलं की सासूबाई थट्टा करताहेत.

"कुठं जायचा हाय, आये?"

चंद्रावती सुनेच्या तोंडाकडे बघतच नव्हती. ती बघत होती तिच्या हाताकडे.

"उलव्याला! आज हलद हाय ना? नवरीची आय वाट बघत असल. चल, हात धर."

उलव्याची हळद काल झाली होती. काल त्याच मांडवातून दोघींना मान खाली घालून, मागच्या बाजूनं, खुर्च्यांच्या चळतींमधून वाट काढत परतावं लागलं होतं. आयुष्यात कधी झाला नव्हता असा अपमान पदरात घेऊन घरी आलेली ही बाई आज त्याच मांडवात जायला नव्यानं नटली होती... आणि तिच्या चेहऱ्यावर कालच्या दिवसाचा एक ओरखडाही नव्हता!

—

काल काय झालं, ते कळण्याआधी धवलारीण कळायला हवी.

आगऱ्यांच्या लग्नात भटजी येतो तो नंतर. आधी येते धवलारीण. उंबराची फांदी मांडवात आणण्यापासून नवरी उंबरा ओलांडून जाईपर्यंत प्रत्येक विधीचा आपला एक धवला, म्हणजे गाणं, असतो, आणि तो तोंडपाठ म्हणणारी बाई असते. पुस्तक नाही, पोथी नाही. पुढं बसलेली एक ओळ म्हणते, मागं बसलेली ती ओळ जशीच्या तशी उचलून पुन्हा म्हणते. क्रम ठरलेला. हळदीचं हळदीला, पाठवणीचं पाठवणीला. क्रम चुकला तर नवरीच्या आईच्या काळजात कायमची पाल चुकचुकते.

रोडपालीच्या गावठाणात चंद्रावतीचा शब्द या बाबतीत शेवटचा होता. भोवती टॉवर उठले, शेतं गेली, मिठागरं बुजली. पण लग्न ठरलं की पत्रिका छापायच्या आधी माणूस तिच्या ओट्यावर येऊन बसे.

आणि तिच्या मागं बसायची कुमुद. तिची सून.

कधीतरी, करंज्याच्या एका लग्नात, बंदरावरून आलेल्या वऱ्हाडाचा गलका चालू असताना चंद्रावती गातच राहिली. नवरीची आई थांबा थांबा म्हणत होती, भटजी हातवारे करत होता, आणि ही आपली डोळे मिटून पुढच्या कडव्यावर! कुमुदनं घाबरून तिचा हात दाबला. ती थांबली. घरी येताना जीपमध्ये तिनं बाहेर बघत एवढंच म्हटलं, "हात धरत जा गो."

बस्स. त्यावर दोघींमध्ये पुन्हा कधी एक अक्षर झालं नाही.

एकदा दाबलं की सुरू. दोनदा दाबलं की थांब. अंगठा धरून ठेवला की हा विधी संपला, पुढचा. कुणाला काही कळलं नाही, आणि कळणार तरी कसं? विमान डोक्यावरून गेलं की सगळ्यांबरोबर चंद्रावतीही वर बघे. ढोल वाजला की गुडघ्यावर ठेका धरी. अशा बाईला बहिरी कोण म्हणेल!

कुमुदनं ते झाकलं. जिवापाड झाकलं... धवलारणीचे कान गेले असं एकदा गावात पसरलं, की ओट्यावर कुणी येऊन बसणार नाही, आणि ओटा रिकामा झाला तर ही बाई जगणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मग ती मांडवाबाहेरही तिचा हात झाली. भाजीवाल्याशी कुमुद बोले. पाहुण्यांशी कुमुद बोले. "आयेला चहा बिनसाखरेचा." "आयेचा गुडघा बरा हाय आता." कुणी चंद्रावतीला काही विचारलं की उत्तर तिच्या शेजारून येई. बायका म्हणत, सून असावी तर अशी! आणि त्या कौतुकानं कुमुदचा थकलेला जीव सुखावे.

तिला स्वतःला पुढं बसायचं बोलावणं कितीदा आलं होतं. "आयेच्या समोर मी पुढं बसनार नाय," असं म्हणून तिनं ते दर वेळी परतवलं होतं. गळ्यात आवाज होता, तोही तिनं अर्धाच लावला. मागचीचा आवाज पुढचीच्या वर जाऊ नये म्हणून.

—

आणि काल उलव्याला...

नवरी पाटावर. हळदीचं ताट फिरतंय. कुमुदला कुणीतरी हाक मारली, "अगो, ते आंब्याचे टहाळे कुठं ठेवलेस?" आणि ती उठली. क्षणभरच! तेवढ्यात चंद्रावतीनं समोर पाहिलं. नवरीच्या मावशीनं डोळ्याला पदर लावला होता, हळदीचा रंग डोळ्यात गेला म्हणून. आणि चंद्रावतीनं सुरू केलं. भरल्या, घनगंभीर आवाजात, पाठवणीचं!

नवरीची आई किंचाळली. कुमुद धावत आली, तिनं हात धरला, दोनदा दाबला, पुन्हा दोनदा, पुन्हा, नखं रुतेपर्यंत...

चंद्रावतीनं गाणं थांबवलं नाही. तिनं मान खाली वळवून आपल्या हातावरच्या त्या दुसऱ्या हाताकडे पाहिलं. शांतपणे. हे काय आहे आणि इथं कशाला आलंय, हे न समजल्यासारखं.

त्या नजरेनं कुमुद हादरली. कान तर केव्हाच गेले होते. हे काहीतरी दुसरं होतं. तिच्या पाठीमागच्या दारानं गुपचूप आत शिरलेलं, आणि घरात कधीचं वावरत असलेलं...

—

"आईला डोक्यात काहीतरी झालंय," परेश म्हणाला. कुमुदचा नवरा शांत माणूस. पण आज त्याचा आवाज चढला होता. "हेतलच्या लग्नाला महिना राहिलाय. आपल्याच मांडवात तिनं असं केलं तर? मी जनीकाकूला सांगून ठेवतो. गाईल ती."

"पप्पा, आजीच्या जागी जनीकाकू?" हेतल, त्यांची मुलगी, लग्नाची साडी मांडीवर तशीच टाकून उठली. "आजी तिथंच बसलेली असताना? सॉरी, मला नाही चालणार."

"मग काय करू? पाटावर तुलाच रडवंल ती."

चंद्रावती कोपऱ्यात बसून शेंगा सोलत होती. तिच्याबद्दल तिच्यासमोरच सगळं चाललं होतं. ती मधूनच हसे, सगळे जिकडं बघतील तिकडं बघे. कुमुदला एकाएकी जाणवलं, की हे असंच चाललंय... किती काळ? ही बाई भरल्या घरात अशी किती काळ एकटी बसलीय?

"डॉक्टरकडे न्या आयेला," ती म्हणाली. एवढंच.

—

पनवेलमधला डॉक्टर तरुण होता, आणि हळू बोलायचा.

"आजी, आज वार कोणता?"

"बुधवार," कुमुद म्हणाली.

"तुम्ही नाही ताई. आजी, आपण कुठल्या गावात आहोत?"

"पनवेल. त्यांना ठाऊक हाय, डॉक्टर. त्या जरा लाजतात."

"आजी, तुम्हाला मुलं किती?"

"एकच. हे बसलेत ते."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. "ताई, तुम्ही जरा बाहेर बसता का?"

कुमुदचा हात चंद्रावतीच्या हातात होता. तो सोडवताना तिला वाटलं, आपण लहान पोराला बाजारात सोडून चाललोय. चंद्रावतीनं तिच्याकडे असं पाहिलं की कुमुदच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

आत काय झालं ते परेशनं नंतर सांगितलं. डॉक्टर विचारत राहिला, आई भिंतीकडे बघत राहिली. एकही उत्तर नाही. मग डॉक्टरनं खणातून एक छोटं यंत्र काढलं, त्याची टोकं आईच्या कानांत बसवली, आणि तेच प्रश्न पुन्हा विचारले. आई दचकली! मग बोलायला लागली. वार सांगितला. गाव सांगितलं. परेशचं नाव सांगताना हसली. पण सांगितलेले शब्द थोड्या वेळानं परत म्हणायला सांगितले, तेव्हा मात्र तिचे ओठ नुसतेच हलले.

कुमुदला परत आत बोलावलं गेलं.

"दोन गोष्टी एकमेकींत अडकल्यात," डॉक्टर म्हणाला. "काही उत्तरं आली नाहीत ती ऐकू न आल्यामुळे. काही चुकली ती खरंच विसरल्यामुळे. वयानं कान मंदावले की बोलणं मेंदूपर्यंत अर्धवट पोचतं. ते जुळवता जुळवता तो थकतो. माणूस चारचौघांतून मनानं उठून जातो. अशा माणसांत स्मृतीचा आजार जास्त दिसतो. कानाला यंत्र लावलं तर घसरण धीमी होऊ शकते. सगळ्यांची होतेच असं नाही. आणि गेलेलं परत आणायचं वचन मी देणार नाही. पण उरलेलं राखायचं असेल तर आधी कान." त्यानं मान वर केली. "ऐकू येत नाही हे किती वर्षांपासून?"

"नाही हो," परेश म्हणाला, "ऐकू येतं तिला! कालपरवापर्यंत लग्नं लावत होती."

मग परेशनं हळूहळू मान वळवून बायकोकडे पाहिलं... आणि कुमुदची मान खाली गेली.

—

कानाचं यंत्र बसवणारी अस्मा मूळची उरणची. तिनं चंद्रावतीला काचेच्या छोट्या खोलीत बसवून बारीकसारीक आवाज ऐकवले, आलेख काढला, आणि मग म्हणाली, "खालांना, म्हणजे या मावशींना, काय पोचतं, ते ऐकायचंय तुम्हाला?"

तिनं कुमुदच्या कानांवर हेडफोन चढवले. हेतलला माइक दिला. काचेपलीकडून हेतल काहीतरी म्हणाली. रोज म्हणते तेच, *आजी, जेवायला चल, ताट वाढलंय.* ते कुमुदला दिसलं तिच्या ओठांवर. कानांत आलं ते असं:

आ... ई...
ए... आ... आ...
अ...
आ...
आ... अं...

"पुन्हा बोल," कुमुद म्हणाली.

आ... ई...

"पुन्हा!"

"ढोल पोचतो, विमान पोचतं," अस्मा म्हणाली. "जाड आवाज सगळे पोचतात. गळतात ती बारीक अक्षरं. च, त, स, क. माणूस बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते नाही. घरात खालांशी बोलतं कोण?"

"मी बोलते ना! सगळीकडं मीच बोलते त्यांच्यासाठी."

"त्यांच्यासाठी बोलता, ते दिसलं मला. त्यांच्याशी कोण बोलतं?"

कुमुदनं कानांवरचे हेडफोन उतरवले. सेवा म्हणून, माया म्हणून, मान राखायचा म्हणून जे जे केलं, ते सगळं तिच्या डोळ्यांसमोर उलटं होऊन उभं राहिलं. बोट दाबलं, उत्तर दिलं, निभावून नेलं. एकेक शब्द सासूच्या वाटेतून उचलून घेतला. आणि त्या हुऽऽ करणाऱ्या पोकळीत, जिथं हेतलचा आवाजसुद्धा नुसता उसासा होऊन येतो, तिथं हिला एकटीला ठेवलं! आपणच!

"अल्लाह आसान करेल," अस्मानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "पण ताई, यंत्र बसवलं की काम संपत नाही. तिथून सुरू होतं. रोज घालायचं, रोज बोलायचं. आणि उत्तर द्यायला त्यांना वेळ द्यायचा. तुम्ही गप्प बसायला शिका आता."

—

जनी आली ती नेमकी यंत्र बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी. हीही धवलारीणच, चंद्रावतीच्या मागं कायम एक पाऊल राहिलेली, आणि ते न विसरलेली.

"काय गो चंद्रा, कानात काय खोवलास? मोबाईल काय? कुनाशी बोलतंस एवढी?"

ओट्यावरच्या बायका फिसकन हसल्या.

चंद्रावतीला ते ऐकू आलं. प्रत्येक अक्षर! कित्येक वर्षांनी जगानं तिच्या कानात घातलेली पहिली गोष्ट ही होती. तिनं दोन्ही यंत्रं ओढून काढली, आत आली, आणि ती कुमुदच्या पायाशी फेकली.

"तुला माझी जागा पायजे!"

"आये..."

"हात धर बोलली होती मी तुला! धर बोलली होती! तू सोडलास... आनि गावासमोर मला बहिरी करून बसवलीस. आता बस तू पुढं. बस ना! इतकी वर्सं त्याच्याचसाठी मागं बसली होतीस ना?"

कुमुद भिंतीला टेकली. जी जागा दारात येऊन उभी राहिली तेव्हा तिनं हात जोडून परत पाठवली होती, जिच्यासाठी आपला आवाज गळ्यातच गाडून टाकला होता, त्या जागेची चोर! हे सांगावं तरी कसं? मोठ्यानं ओरडून? अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं?

तिनं खाली वाकून यंत्रं उचलली. पदरानं पुसली.

"उद्या परत घालू," ती म्हणाली. चंद्रावतीला ते पोचलं नाही. ओठ हललेले तेवढे दिसले.

त्या दिवसापासून चंद्रावती सुनेशी बोलेनाशी झाली.

—

यंत्रं मात्र कानांत गेली. हेतल घाली, आणि नातीला ती नाही म्हणत नसे.

मग आवाज आले. सगळे एकदम, दार फोडून! पिशवीची चुरचुर तिला आगीसारखी वाटे. भांडं ठेवलं की दोन्ही हात कानांवर. कबुतरांच्या फडफडीनं ती उठून बसे. अस्मा म्हणाली होती, मेंदूला सवय मोडलीय, लागेल पुन्हा. टीव्ही बंद झाला. जेवताना सगळे तिच्या समोर बसू लागले. परेश शेजारी बसून पेपर वाचून दाखवी. कुमुद गप्प राहायला शिकत होती. कुणी चंद्रावतीला काही विचारलं की तिच्या जिभेवर उत्तर येई, आणि ती जीभ चावून धरी. शांतता लांबत जाई... लांबत जाई... मग कधीतरी चंद्रावती स्वतः म्हणे, "बिनसाखरेचा." जणू विहिरीच्या तळातून घागर वर आली.

घरात थोडं हसू आलं. आणि तेवढ्यात ती गोष्ट घडली.

यंत्रं कानांत होती. खोलीत दुसरा आवाज नव्हता. हेतल समोर बसून बांगड्या दाखवत होती, एकेक अक्षर स्वच्छ उच्चारत. चंद्रावतीनं सगळं नीट ऐकलं. बांगडी हातात घेऊन पाहिली. आणि मग अदबीनं, परक्या पोरीशी बोलावं तसं विचारलं,

"तू कुनाची गो बाय?"

हेतलच्या हातातल्या बांगड्या वाजल्या, आणि थांबल्या.

आजवर प्रत्येक चुकीला एक आडोसा होता. ऐकू आलं नसेल! आता तो आडोसाच पडला. कुमुदला स्वयंपाकघराच्या दारात उभ्या उभ्या कळलं, की ते मागच्या दारानं आलेलं काहीतरी अजून घरातच आहे, आणि जाणार नाही. आता फक्त एवढंच करता येईल, की ते खोलीमागून खोली घेत असताना उरलेल्या खोल्यांत दिवा लावून बसायचं.

थोड्या वेळानं चंद्रावतीनंच हाक मारली, "हेतल, पानी दे गो." जसं काही झालंच नव्हतं. हेतलनं पाणी दिलं, आणि बाथरूममध्ये जाऊन नळ मोठा सोडला.

—

हळद दळायचा दिवस जवळ आला. दुपारी घर रिकामं असताना कुमुदनं जातं धुऊन ठेवलं, मूठभर हळकुंडं घालून फिरवून पाहिलं, आणि फिरवता फिरवता, सासूबाई आत झोपल्यात अशा समजुतीनं, गळा मोकळा सोडला. इतक्या वर्षांत प्रथमच, पूर्ण.

आली आली गो उंबराची फांदी,
मांडवाच्या दारी घडीभर थांबली,
पाय धुवा तिचं, विचारा नाव,
कुठल्या रानाची, कोनता गाव...

"थांब."

चंद्रावती दारात होती. कुमुद चटकन उठली. पुन्हा जागेची चोर ठरणार आता!

"बस. पुढचा बोल."

कुमुदनं म्हटलं. चंद्रावती ऐकत होती. मान किंचित तिरकी करून, ओठ अर्धे उघडे ठेवून. कडवं संपलं तरी ती तशीच राहिली.

"हा कुनी शिकवला तुला?"

"तुमीच, आये! नवीन आलती तेवा. याच जात्यावर."

"मी?" चंद्रावतीनं जात्याच्या खुंट्याला हात लावला. "माझ्याजवल नाय तो आता... शोधलं मी, कुमुद. रोज शोधते. पयली ओळ हाय, मंग भिंत हाय." तिचा आवाज फुटला. "तुमाला वाटतं, मला कलत नाय. मला कलतं गो... जाताना कलतं. गेल्यावर नाय कलत."

कुमुदला हुंदका आवरेना. ती जमिनीवरच बसली, आणि चंद्रावतीही तिच्यासमोर खाली बसली, गुडघा धरत, कण्हत.

"आनि हा आवाज तुझा?"

"होय, आये."

"एवढी वर्सं माझ्या पाठीशी हा आवाज होता?" तिनं सुनेची हनुवटी वर केली. "मी आयकलाच नाय! मला नुसता तुझा हात ठावा. आवाज... असा भरलेला... आनि तो तू दाबून ठेवलास, माझ्यासाठी? आनि मी तुला बोलली, जागा पायजे..."

"जाव दे, आये."

"नाय जाव देनार! तेवडा अजून लक्षात हाय माझ्या, तो जायच्या आधी बोलू दे." तिनं कुमुदचे हळदीनं माखलेले हात आपल्या कपाळाला लावले. "माफ कर गो, बाय. माफ कर."

"मीच चुकली, आये! तुमचा मान राखायला गेली आनि तुमाला एकटी पाडली... मी बोलले असते आधी तर..."

"मीच बोलली होती तुला, हात धर. कान दाखव असा कुठं बोलली?" चंद्रावती रडता रडता हसली. "दोघी सारख्याच शान्या!"

दोघी तशाच बसून राहिल्या. बाहेरून विमान गेलं. घर थरथरलं.

"हेतलच्या हलदीला तू पुढं बसशील," चंद्रावती म्हणाली.

"आये, तुमी असताना..."

"मी मागं बसेन. मागून बोलायला तोंडपाठ लागत नाय. आयकाय लागतं." तिनं कानामागं बोट लावून पाहिलं, यंत्र आहे ना याची खात्री करून घेतली. "ते येतं मला आता. जेवडं येतं, तेवडं."

—

हेतलची हळद. मांडवात पाय ठेवायला जागा नाही. चंद्रावती आली, आणि पुढचा पाट ओलांडून मागच्या पाटावर बसली. कुजबुज वाऱ्यासारखी फिरली.

"चंद्रा, चुकलीस काय गो? तुझा पाट पुढं!" जनी म्हणाली.

"चुकली नाय, जने. मला आयकू येतं, तू हळू बोल," चंद्रावती म्हणाली, आणि या वेळी हसल्या त्या बायका जनीकडे बघून.

कुमुद पुढं बसली. पाठ ताठ. हात स्वतःच्या मांडीवर. तिनं पहिली ओळ सोडली, आणि वाट पाहिली...

मागून ओळ आली! जशीच्या तशी. थोडी उशिरा, थोडी थरथरत, पण अख्खी. मग दुसरी. मग तिसरी. परेश मांडवाच्या खांबाला धरून उभा होता, आणि त्याचे गाल ओले झालेत हे त्याला कळलंही नव्हतं. कुमुद एकेक ओळ मागं देत होती, लेकराला घास द्यावा तशी, बारीक करून.

हळदीचं ताट पुढं आलं. बायकांनी हेतलच्या गालांना हळद लावली. आणि तेवढ्यात कुमुदच्या खांद्याला मागून श्वास लागला.

"कुमुद," चंद्रावतीनं हळूच विचारलं, "नवरी कोनाची हाय गो?"

मांडवातला उजेड कुमुदच्या डोळ्यांसमोर विरघळला. वळून सांगावं, तर सगळा मांडव ऐकेल. न सांगावं, तर... तिनं वळून पाहिलं नाही. तिनं गळा उघडला. हळदीच्या धवल्यात नवरीचं गोत सांगायचं कडवं असतं. ते अजून पुढं होतं. कुमुदनं क्रम मोडला आणि ते आत्ताच घेतलं. जाणूनबुजून, भर मांडवात!

पाटावर बसली हलदीची नवरी,
कोनाची गो लेक, कोनाची नात...

मागून ओळी आल्या. आज्ञाधारक, रिकाम्या.

परेशाची लेक गो, कुमुदची लेक,
चंद्रावतीची नात गो, चंद्रावतीची नात...

"परेशाची लेक गो, कुमुदची लेक," मागचा आवाज म्हणाला. "चंद्रावतीची..."

आणि थांबला.

जनीनं वर पाहिलं. बायकांनी वर पाहिलं. क्रम मोडलाय हे त्यांतल्या प्रत्येकीला कळलं होतं, आणि का मोडलाय हेही, हळूहळू, एकीकडून दुसरीकडे उमटत गेलं. कुमुद समोर बघत राहिली. मदत केली नाही. ओळ पुढं ढकलली नाही. मांडव श्वास रोखून होता, हेतल डोळे मिटून बसली होती, आणि ती शांतता लांबत गेली, लांबत गेली...

"...नात," मागून आलं.

मग पाट सरकल्याचा आवाज. चंद्रावती उठत होती. ती वाट काढत नवरीपुढं आली, वाकली, तो पिवळा चेहरा दोन्ही तळव्यांत धरून न्याहाळला, आणि कुणी ओळ दिली नसताना, आपल्या जुन्या भरल्या आवाजात म्हणाली,

"चंद्रावतीची नात गो... माझी नात!"

हेतलनं आजीच्या गळ्यात हात टाकले. हळद दोघींच्या अंगाला लागली.

हे किती वेळ टिकेल? कुमुदला माहीत होतं. पाठवणीपर्यंत आजी पुन्हा विचारील. कदाचित त्याच्याही आधी, हळद सुकायच्या आत. पुढची ओळ तिच्या ओठांवर तयार होती. तिनं ती गिळली, आणि तेच कडवं पुन्हा घेतलं.

आता तिच्या मागून सगळा मांडव म्हणत होता. सगळ्यांत मोठ्यानं, जनी.